समजून घ्या : फिलिपिन्सच्या सेबुआनो भाषेत अदबीने कसं बोलायचं? मराठी माणसाला काय सोपं, काय अवघड?

समजा, भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कमधल्या एका दवाखान्यात नवा डॉक्टर आला आहे. मराठी त्याने नुकतंच शिकलं आहे. समोर सत्तरीच्या आजी बसल्या आहेत. तो विचारतो, ‘‘काय होतंय तुला?’’ वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. तरी आजींच्या कपाळावर आठी पडते. घरच्या नातवाने ‘तू’ म्हटलं तर चालतं, परक्या माणसाने म्हटलं की खटकतं. डॉक्टरला उद्धटपणा करायचा नव्हता. त्याला शब्द माहीत होते, अदब कुठे ठेवायची ते माहीत नव्हतं.

आता हेच चित्र उलटं करून पाहू. जेसल पार्कमधलीच एक मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्सच्या दावाओ शहरात गेली आहे. वर्गात सगळं इंग्रजीत चालतं. पण वॉर्डात पलंगावरच्या आजी इंग्रजीत नाही, सेबुआनोत बोलतात. इथे या मुलीचं पहिलं वाक्य कसं असावं?

भाषा कोणतीही असो, शिकणारा आधी ‘प्लीज’, ‘थँक यू’ आणि ‘सॉरी’ला काय म्हणतात ते विचारतो. पण सौजन्य फक्त या तीन शब्दांत नसतं. मराठीत ते ‘तुम्ही’मध्ये आणि क्रियापदात असतं. सेबुआनोत ते दुसऱ्याच जागी आहे. ती जागा कळली की दहा-बारा वाक्यांतही काम होतं.

सेबुआनो ही कुणाची भाषा?

फिलिपिन्सची राष्ट्रभाषा फिलिपिनो आहे आणि ती मुख्यतः राजधानी मनिलाच्या परिसरातल्या टागालोग भाषेवर आधारलेली आहे. सेबुआनो ही टागालोगची बोली नाही, ती स्वतंत्र भाषा आहे. सेबू आणि बोहोल ही बेटं, नेग्रोस बेटाचा पूर्व भाग, लेते बेटाचा काही भाग आणि दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटाचा मोठा भाग इथे ती बोलली जाते. मातृभाषा म्हणून ती बोलणारे सुमारे दोन कोटी लोक आहेत. ते स्वतः तिला बहुतेक वेळा ‘बिसाया’ म्हणतात. दावाओ मिंदानाओवर आहे, त्यामुळे तिथल्या बाजारात आणि रुग्णालयात मुख्यतः बिसायाच कानावर पडते.

महाराष्ट्रातल्या माणसाचा तिच्याशी संबंध कसा येतो?

पहिली वाट वैद्यकीय शिक्षणाची. दावाओमध्ये भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. परदेशात शिकून भारतात डॉक्टरकी करायची असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. म्हणजे पुस्तकं इंग्रजीत असली तरी बराच काळ तिथल्या रुग्णांमध्ये काढायचा असतो. रुग्णाचं दुखणं इंग्रजी माध्यमातून येत नाही.

दुसरी वाट समुद्राची. जगभरच्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो आणि भारतीय खलाशी मोठ्या संख्येने एकत्र काम करतात. जहाजावर कामाची भाषा इंग्रजी असते, पण जेवणाच्या टेबलावर सेबूकडच्या सहकाऱ्याशी त्याच्या भाषेतले दोन शब्द बोलता आले तर ओळख वाढते. तिसरी वाट पर्यटनाची. २०२५ पासून फिलिपिन्सने भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे. जाण्यापूर्वी ताजा नियम मात्र तपासून घ्यावा.

उच्चार कसे करायचे?

सेबुआनो रोमन लिपीत लिहितात. इथे उच्चार देवनागरीत दिले आहेत. अडेल असा एक आवाज म्हणजे ‘ङ’. मराठीत हे अक्षर ‘वाङ्मय’ सोडलं तर फारसं दिसत नाही, पण आवाज रोजचाच आहे. ‘रंग’ म्हणताना ‘ग’ उच्चारण्याच्या आधी थांबा. जो नाकातला आवाज उरतो, तो ‘ङ’. सेबुआनोत तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. ‘नाव’ या शब्दाला तिथे ‘ङालान’ म्हणतात.

रोजची वाक्यं कोणती?

* माआयोङ बुन्ताग – शुभ सकाळ. दुपारी बाराच्या सुमारास ‘माआयोङ उद्तो’, त्यानंतर ‘माआयोङ हापोन’ आणि रात्री ‘माआयोङ गाबीई’. ‘माआयो’ म्हणजे चांगला.
* कुमुस्ता का? – कसा आहेस, कशी आहेस? उत्तर : माआयो मान को, म्हणजे मी बरा आहे किंवा बरी आहे.
* सालामात – आभार. फार आभार मानायचे असतील तर दाघाङ सालामात.
* वालाय सापायान – ‘त्यात काय एवढं’, ‘असू द्या’. आभाराला द्यायचं उत्तर.
* पालीहुग – कृपया.
* पासेन्स्या ना – सांभाळून घ्या, माफ करा. चूक मोठी असेल तर पासायलोआ को, म्हणजे मला क्षमा करा.
* कादियोत लाङ – जरा थांबा, एक मिनिट.
* माङुताना लाङ को – जरा विचारायचं होतं.
* मोआगी लाङ को – जरा जाऊ द्या, इथून पुढे जातोय.
* आम्पीङ – काळजी घ्या. निरोप घेताना म्हणतात.

यात ‘लाङ’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘फक्त’, पण काम मराठीतल्या ‘जरा’सारखं. ‘थांबा’ आणि ‘जरा थांबा’ यांत जो फरक आहे, तोच हा छोटासा शब्द करतो. नकारातही तो उपयोगी पडतो. ‘दीली’ म्हणजे नाही, हा नुसता शब्द तोडून टाकल्यासारखा वाटू शकतो. ‘दीली लाङ, सालामात’ म्हटलं की ‘नको, राहू द्या, आभारी आहे’ असा सूर येतो.

मराठी माणूस कुठे चुकतो?

*पहिली चूक ‘तुम्ही’ची.* वडीलधाऱ्यांशी एकेरी बोलायचं नाही, हे मराठी घरात लहानपणीच शिकवलं जातं. म्हणून सेबुआनोत ‘का’ म्हणजे ‘तू’ आणि ‘मो’ म्हणजे ‘तुम्ही’ हे कळलं की हात आपोआप ‘मो’कडे जातो. पण सेबुआनोतला ‘मो’ हे निव्वळ अनेकवचन आहे, आदर दाखवायला तो वापरत नाहीत. एकट्या आजींना ‘कुमुस्ता मो?’ विचारलं, तर ‘तुम्ही सगळे कसे आहात?’ असा अर्थ होतो. सोबत आणखी कोण आहे, असा प्रश्न त्यांना पडेल.

म्हणजे तिथे सगळ्यांनाच अरे-तुरे करतात का? तसंही नाही. तिथे आदर सर्वनामात नसतो, तो हाक मारण्यात असतो. ‘का’ तसाच ठेवायचा आणि पुढे नात्याचा शब्द जोडायचा. आईच्या वयाच्या बाईला ‘नाय’, वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘ताय’. त्याहून वृद्ध असतील तर ‘लोला’ म्हणजे आजी आणि ‘लोलो’ म्हणजे आजोबा. आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या पुरुषाला ‘नोङ’, बाईला ‘नाङ’. लहान मुलाला किंवा तरुणाला मायेने ‘दोङ’, मुलीला ‘दाय’. ‘कुमुस्ता का, नाय?’ हे वाक्य पूर्ण अदबीचं आहे.

रिक्षावाल्याला काका, भाजीवालीला मावशी आणि शेजारणीला ताई म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही. फक्त कानाची गडबड होते. भाईंदरमध्ये ‘नाय’ म्हणजे नकार आणि ‘ताई’ म्हणजे बहीण. दावाओत ‘नाय’ म्हणजे आई आणि ‘ताय’ म्हणजे बाबा. तसंच ‘का’चं. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ आला की प्रश्न होतो, सेबुआनोत तो ‘तू’ असतो. प्रश्न विचारायला तिथे ‘बा’ लावतात. ‘माआयो बा?’ म्हणजे ‘बरं आहे का?’ शेजारच्या गुजराती घरात ‘बा’ म्हणजे आई, हे जेसल पार्ककरांना सांगायला नको.

*दुसरी चूक ‘पो’ची.* इंटरनेटवर ‘फिलिपिनो शिका’ म्हणून जे धडे मिळतात, ते बहुतेक टागालोगचे असतात. टागालोगमध्ये आदरासाठी वाक्यात ‘पो’ घालतात आणि अदबीचा होकार ‘ओपो’ असतो. सेबुआनोत ही पद्धत मुळातली नाही. दावाओत ‘पो’ म्हटलं तर कुणी रागावणार नाही, अर्थही कळेल. पण मराठी माणसाचं मन जिंकायला कुणी हिंदीतलं ‘जी’ लावावं, तसं ते होईल.

*तिसरी चूक न बोलण्याची.* मराठी बोलताना ‘कृपया’ किती वेळा तोंडात येतं? रेल्वेच्या घोषणेत आणि पाट्यांवर ते असतं, घरात नसतं. ‘जरा पाणी देता का?’ यात सगळी विनंती आली. आईने चहा दिल्यावर तिला ‘धन्यवाद’ म्हटलं तर ती उलट विचारेल, काय बिनसलं? म्हणून मराठी माणूस परक्या भाषेतही हे शब्द गाळतो. सेबुआनोत मात्र ‘पालीहुग’ आणि ‘सालामात’ रोजच्या तोंडचे आहेत.

त्याचं उत्तम ठिकाण म्हणजे सेबूची जीपनी, म्हणजे समोरासमोर लांब बाकं असलेली प्रवासी गाडी. मागे बसलेला प्रवासी भाड्याचे पैसे शेजाऱ्याच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘पालीहुग को सा प्लेते’, म्हणजे एवढं भाडं पुढे द्या. हातोहात पैसे चालकापर्यंत जातात, सुटे पैसेही तसेच परत येतात. उतरायचं असेल तेव्हा ‘लुगार लाङ’ म्हणायचं, म्हणजे इथे थांबवा. विरार लोकलमध्ये दाराजवळच्या माणसाला ‘भाईंदर उतरणार का?’ विचारल्याशिवाय जसं खाली उतरता येत नाही, तसंच हे एक ठरलेलं वाक्य आहे. ते आलं की प्रवासी त्या गाडीतला वाटू लागतो.

मराठी माणसाला काय सोपं जातं?

सगळ्यात मोठी सोय ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांची. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, हिंदीत ‘हम’वर भागतं. मराठीत ‘आपण जाऊ’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही जातो’मध्ये तो वगळलेला असतो. गुजरातीतही ‘आपणे’ आणि ‘अमे’ असा हाच भेद आहे. सेबुआनोत हा फरक जसाच्या तसा सापडतो. ‘कीता’ म्हणजे आपण आणि ‘कामी’ म्हणजे आम्ही. बोलताना त्यांची रूपं ‘ता’ आणि ‘मी’ अशी आखूड होतात.

सौजन्याशी याचा थेट संबंध आहे. फिलिपिन्समध्ये कुणी जेवत असताना ओळखीचा माणूस आला की त्याला बोलावण्याची रीत आहे. ‘माङाओन ता!’ म्हणजे ‘चला, जेवू आपण!’ इथे ‘ता’च्या जागी ‘मी’ गेला तर वाक्य होतं ‘आम्ही जेवतो’, म्हणजे समोरच्याने समजून घ्यावं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा फरक घोकावा लागतो, मराठी माणसाच्या तो अंगात असतो. एवढंच ध्यानात ठेवायचं की सभेत पाहुण्यांना ‘आपण’ म्हणतात तो मराठीतला आदरार्थी ‘आपण’ वेगळा. त्याच्यासाठी ‘कीता’ चालत नाही.

बोलावणं आलं म्हणून लगेच ताटावर बसायचं नसतं, हेही ओळखीचंच. ‘सालामात, बुसोग पा को’, म्हणजे ‘आभार, माझं पोट अजून भरलेलं आहे’, असं म्हणून मान राखता येतो. ‘नीकाओन ना का?’ म्हणजे ‘जेवलास का?’ हा तिथेही ख्यालीखुशालीचा प्रश्न आहे.

दुसरी सोय नकारांची. मराठीत ‘नाही’ वेगळं आणि ‘नको’ वेगळं. सेबुआनोतही नकाराचे निरनिराळे शब्द आहेत. ‘वाला’ म्हणजे एखादी गोष्ट नाही किंवा घडली नाही. ‘दीली’ म्हणजे तसं नाही किंवा होणार नाही. ‘आयाव’ म्हणजे करू नको. ‘वाला’ लक्षात ठेवायला सोपं आहे. मराठीत दूधवाल्याकडे दूध असतं, सेबुआनोत ‘वाला’ म्हटलं की नसतं.

दारातली रीतही जुळते. बेल नसलेल्या घराबाहेर उभं राहून ‘आयो!’ अशी हाक देतात. आतून उत्तर येतं, ‘दायोन!’ म्हणजे ‘या आत’. मग ‘लीङकोद’ म्हणजे बसा. वडीलधारे भेटले की लहान मुलं त्यांचा हात धरून त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला लावतात. आपल्याकडच्या पाया पडण्याचाच हा भाऊ.

शब्द लक्षात कसे ठेवायचे?

काही शब्द मुळात ओळखीचे निघतात. ‘सालामात’ हा शब्द मलय भाषेमार्फत अरबीतून आला, असं साधारणपणे मानलं जातं. मराठीतलं ‘सहीसलामत’ त्याच घराण्यातलं. संस्कृतातून निघालेले शब्दही समुद्रमार्गे तिथवर पोचले. ‘दीवाता’ म्हणजे देवता आणि ‘बालीता’ म्हणजे वार्ता, बातमी. १५२१ मध्ये मॅगेलनची जहाजं सेबूला पोचली तेव्हा तिथल्या सत्ताधीशाला ‘राजा’ हीच पदवी होती. त्या सफरीतला इटालियन प्रवासी पिगाफेत्ता याने तेव्हाच तिथल्या शब्दांची यादी करून ठेवली आहे.

पुढे स्पॅनिश राजवट आली आणि ‘कुमुस्ता’, ‘पासेन्स्या’ हे शब्द तिच्याबरोबर आले. इकडे जेसल पार्कसमोरच्या खाडीपलीकडचं वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होतं. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या जवळच्या भाषा, म्हणून दोन्ही किनाऱ्यांवर सारखे शब्द उरले. मराठीत साबण, तिथे ‘साबोन’. मराठीत पाव, तिथे ‘पान’. मराठीत काजू, तिथे ‘कासोय’.

मोबाईलवरून शिकता येईल का?

काही प्रमाणात येईल. गूगल ट्रान्सलेटमध्ये सेबुआनो आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच वेळी, मे २०१३ मध्ये आल्या. शब्दांचे अर्थ शोधायला ते ठीक आहे. पण भाषांतर करताना मराठीतलं ‘तुम्ही’ यंत्र अनेकवचनात नेऊ शकतं, आणि समोरच्याला नाय म्हणायचं की लोला, हे त्याला दिसत नाही.

लिखित मजकुराचंही एक गंमतीदार कोडं आहे. सेबुआनो विकिपीडियावर ६० लाखांहून अधिक लेख आहेत आणि लेखसंख्येत तो जगातल्या सर्वांत मोठ्या विकिपीडियांमध्ये मोडतो. पण त्यातले बहुतेक लेख एका स्वीडिश व्यक्तीने बनवलेल्या संगणकीय बॉटने तयार केलेले आहेत. जीवजातींची आणि गावांची माहिती तिथे खूप सापडेल, आजींशी कसं बोलावं ते सापडणार नाही. त्यासाठी माणूसच हवा. वर्गमैत्रीण, घरमालकीण किंवा जहाजावरचा सोबती. त्यांना विचारायचा प्रश्न ‘या शब्दाचा अर्थ काय?’ एवढाच नसावा. ‘हे कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही?’ हेही विचारावं.

मग वॉर्डात काय बोलायचं?

आता दावाओच्या त्या पलंगाजवळ परत जाऊ. आधी नमस्कार आणि नातं : ‘माआयोङ बुन्ताग, नाय.’ मग प्रश्न : ‘आसा दापीत आङ साकीत?’ म्हणजे नेमकं कुठे दुखतंय? तपासताना : ‘पालीहुग, नाय, गीनहावा ओग लावोम’, म्हणजे जरा खोल श्वास घ्या. हलू नका सांगायचं तर नुसतं ‘आयाव’ कठोर वाटेल. ‘आयाव उसा ओग लीहोक, नाय’ म्हटलं की ‘थोडा वेळ हलू नका हं, आई’ असा सूर लागतो. शेवटी ‘सालामात, नाय’.

एवढ्याने रोगनिदान होत नाही. नेमकी लक्षणं, औषधाचा डोस आणि शस्त्रक्रियेची संमती यांसाठी भाषा पक्की येणारा सहकारी सोबत हवाच. अदबीचे शब्द ही त्याची जागा घेत नाहीत. पण रुग्ण परक्या मुलीपुढे लाजून ‘ठीक आहे’ म्हणून गप्प बसणार की खरं दुखणं सांगणार, हे पुष्कळदा पहिल्या दोन वाक्यांत ठरतं.

जेसल पार्कच्या दवाखान्यातला तो नवा डॉक्टरही तेवढंच करू शकतो. ‘तुला’च्या जागी ‘आजी, तुम्हाला’ म्हणायचं. शब्द दोनच, पण आजी खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतील.